डोक्यावरच्या पाट्या : वयात येताना तुम्ही काय काय वाहिलंत?

खाडीपलीकडची
काल भाची शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. मधेच विचारलंन, "मावशे, बाबांच्या धंद्यात काय लिवू गो?" आणि मी एकदम १९९६ मध्ये. दहावीचा वर्ग, तोच रकाना. मी लिहिलं होतं 'शेती'. जमिनीचा तुकडा नव्हता आमच्याकडे, वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची शेती पाण्यात का?" वर्ग हसला. मीही हसले.

नुसतं गाबीत (आमची मासेमारांची जात) म्हणून चिडवलं असतं तर वाडीत येऊन रडता आलं असतं, तिथे सगळेच गाबीत. पण वाडीत रुबाब होडीवाल्यांचा, आम्ही खलाशाची पोरं. घरी सांगावं तर "चेडू असान इतक्या शिकतंस, ता काय कमी?" शाळेत मासेवाली, वाडीत गरीब, घरात मुलगी. रडायचं कुठे?

आई शाळेजवळच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. एकदा मैत्रिणींबरोबर होते, तिला बघून रस्त्याची दुसरी बाजू धरली. ती त्यावर कधी काही बोलली नाही.

तुमचं काय होतं, लिहा. सल्ले नकोत.

लालडबा
मंडणगडकडचा, बौद्धवाडीतला. बाबासाहेबांचं आंबडवे आमच्याच तालुक्यात, त्यामुळे घरात मान ताठ. शाळेत मात्र मी तोतरा. उत्तर यायचं, पहिलं अक्षर यायचं नाही. सर म्हणायचे, "यांना सवलती आहेत, बोलायची गरज काय?" वर्गात अजून एक तोतरा होता, खोतांच्या घरातला. त्याला "सावकाश बोल बाळा". आणि वाडीतले बाकीचे फाडफाड बोलायचे, त्यांच्या वाटेला सर जायचे नाहीत. म्हणजे 'तुझंपण असंच होतं का रे' हे विचारायला दोन्हीकडे कोणी नाही. अजून फोनवरचा पहिला हॅलो बायको म्हणते.

आंबोळी
@लालडबा वाचून गप्प झाले.
माझं त्यापुढे काहीच नाही. वर्गात मासे न खाणारी एकटी मी, डब्यात कायम कुळथाची पिठी. नावच 'पिठी' पडलं. लग्नात स्टेजवर येऊन एकजण "काय पिठी!" म्हणाला, सासरचे बघतच राहिले.

सुकट
पिठीत सुकट टाका, नाव बदलेल.

बाणकोटवाली
मुलाचा डबा भरता भरता लिहितेय, चुका समजून घ्या.
अब्बा कुवेतला, म्हणून शाळेत मी 'दिनारवाली'. १९९० च्या ऑगस्टात इराक कुवेतमध्ये घुसलं. अब्बा जॉर्डनमार्गे एका पिशवीनिशी घरी. मी नववीत. घर कर्जात, पण फीमाफीला गेले तर "तुम्हाला काय कमी?" मोहल्ल्यात आधीच चाललेलं, मुलगी नववी झाली, पुरे. त्यांना आयतं निमित्त मिळालं. आजी हट्टाला पेटली म्हणून दहावी झाले. तिला स्वतःला सही येत नव्हती.
गंमत म्हणजे मुंबईच्या हॉस्टेलात मराठी मुली म्हणायच्या, "तू मुसलमान वाटत नाहीस, मराठी किती छान!" आणि उर्दूवाल्या म्हणायच्या, हिला उर्दू येत नाही. आम्ही घरात कोकणीच बोलतो हो!

चाकरमानी_परळ
याला अभ्यासात नाव आहे, 'इंटरसेक्शनॅलिटी', म्हणजे जात, गरिबी, बाईपण असे भेदभाव एकमेकांत मिसळणं. किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मांडलं. एका मोटार कंपनीवर काळ्या बायकांनी दावा लावला होता. कोर्ट म्हणालं, कंपनीत काळे पुरुष आहेत, गोऱ्या बायका आहेत, मग भेदभाव कुठला? काळी *बाई* कोणाच्या हिशेबातच नव्हती. लालडबा, तुमचे सर आणि ते कोर्ट सारखेच.

आंबोळी
म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

लालडबा
नाय ओ. तेरावा महिना नंतर येऊन वर पडतो. हे मिसळलेलं असतं. सोलकढीतून कोकम नि नारळ वेगळा काढून दाखवा.

सुकट
सोलकढी काढलीत, आता भूक लागली. पिठीचं कोणी सांगतंय का?

सड्यावरचे_मास्तर
पेपर तपासायचे पडलेत तरी लिहितो. २०१२ पासून निकालाला 'कोकण विभाग अव्वल' छापून येतं, आम्ही पेढे वाटतो. माझ्या वर्गात आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्याचा मुलगा आहे. जन्म इथला, मालवणी माझ्यापेक्षा चांगली, तरी हाक 'ए बहादूर'. गणितात पहिला. दोन महिने झोपत नाही, हे त्याच्या आईनं खुणांनी सांगितलं, तिला मराठी येत नाही. बाप म्हणतो, मुलगा आहे, रडतो कशाला. कोळ्यांच्या मुलांचं दुसरंच. वह्या-गणवेशाचा खर्च जूनमध्ये, आणि जून-जुलै मासेमारी बंद.
१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलण्यासाठीचा, सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी त्याला दिला. आमच्याकडे रेंज नाही, सड्याच्या (वरच्या कातळपठाराच्या) टोकाला जावं लागतं. मी लांब दगडावर बसून राहिलो, त्याला वाटायला नको की ऐकतोय.

बाणकोटवाली
मास्तर, झोपतो का आता?

सड्यावरचे_मास्तर
थोडा थोडा. 'बहादूर' म्हणणारे दोघे बंद झालेत, तिसरा माझा सहकारी आहे.

खाडीपलीकडची
सगळं वाचलं. रात्री आईला फोन केला, धीर करून विचारलं, तेव्हा बाजारात मी तुला दिसले होते का. म्हणाली, "दिसलंस मां. म्हणान तर दुसऱ्या दिसापासून मी पलीकडच्या गल्लीत बसाक लागलंय. थय गिऱ्हाईक कमी."
@सुकट, पिठीत घालायची तर आधी भाजून घ्या, तीच म्हणाली.