विषय: नव्या आवृत्तीनंतर स्टाफ नोटेशनच्या फायली नीट उघडत नाहीत

प्रेषक: सांस्कृतिक समिती (बालवाद्यवृंद)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

बालवाद्यवृंदासाठी गेल्या काही वर्षांत बसवलेल्या रचनांचे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरील स्वरलेखन) म्यूझस्कोर 3 या सॉफ्टवेअरमध्ये केलेले आहे. समितीच्या नव्या लॅपटॉपवर म्यूझस्कोर 4 घेतल्यानंतर सामायिक फोल्डरमधील काही फायली मुळीच उघडत नाहीत. काही उघडताना ‘फाइल खराब आहे’ अशी सूचना येते. आणि काहींत स्वर जागच्या जागी असले तरी खालचे मराठी शब्द जाऊन तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे दिसतात. गणेशोत्सवाच्या तालमी तोंडावर आहेत आणि व्हायोलिन व बासरीच्या मुलांना छापील प्रती द्यायच्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

—

प्रेषक: एक सभासद (ध्वनी व संगणक साहाय्य)

ताई, नमस्कार.

सर्वप्रथम एक विनंती: संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि मूळ फायलींवर कोणीही ‘सेव्ह’ करू नये. आवृत्ती 4 मध्ये जतन केलेली फाइल आवृत्ती 3 मध्ये पुन्हा उघडत नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात, त्यामुळे जुनी काढून टाकण्याची घाई नको.

तुम्ही सांगितलेली तीन लक्षणे हे तीन निरनिराळे आजार आहेत, आणि माझ्या मते त्यांतला एकही आवृत्ती बदलल्यामुळे झालेला नाही. नव्या संगणकावर ते एकदम नजरेस आले, इतकेच.

ज्या फायली उघडतच नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करू. एमएससीझेड, म्हणजे म्यूझस्कोरची नेहमीची फाइल, ही प्रत्यक्षात झिप केलेली पेटी असते आणि संगीत त्यातल्या एमएससीएक्स नावाच्या, साध्या मजकुराच्या फायलीत असते. प्रतीचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ करावे आणि ती उघडून पाहावी. आतली फाइल बाहेर काढता आली, तर म्यूझस्कोर ती थेट उघडतो. पेटीच उघडत नसेल, तर सामायिक फोल्डरचे सिंक (संगणकांतील प्रती जुळवणे) अर्धवट राहून फाइल रिकामी किंवा नुसत्या शून्यांनी भरलेली उरली असण्याचा संभव आहे. आकार बरोबर दिसतो म्हणून आशा धरू नये. अशा वेळी फोल्डरच्या सेवेत मागील प्रती जपलेल्या आहेत का ते पाहावे, तसेच लपवलेल्या फायली दिसतील अशी सोय करून ज्या संगणकावर मूळ काम झाले तिथे शोधावे. आवृत्ती 3 त्याच फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी व स्वल्पविरामाने संपणारी राखीव प्रत ठेवते, तर आवृत्ती 4 त्यासाठी ‘एमएससीबॅकअप’ नावाचा लपलेला फोल्डर करते.

‘फाइल खराब आहे’ ही सूचना ऐकायला भयंकर असली, तरी तिन्हींत हाच आजार सौम्य आहे. तपशील उघडल्यास कोणत्या बारमध्ये (दोन उभ्या रेषांमधल्या कप्प्यात), कोणत्या वाद्याच्या ओळीत हिशेब चुकला ते लिहिलेले असते. दादऱ्यासाठी 6/8 धरले असेल, तर बारमध्ये बारा सोळांश (पूर्ण स्वराच्या सोळाव्या भागाएवढे स्वर) हवेत आणि तिथे तेरा सापडतात, अशा स्वरूपाची ती तक्रार असते. तरीही फाइल उघडावी, तो बार कागदावर उतरवून घ्यावा, मग कंट्रोल-डिलीटने सबंध बार काढून नवा घालावा आणि स्वर पुन्हा भरावेत. बिघडलेल्या बारमधले स्वर कॉपी करून नव्यात चिकटवू नयेत, कारण त्यांच्याबरोबर बिघाडही येऊ शकतो.

शब्दांचे दुखणे मात्र जुने आणि खास आपले आहे. त्या फायली युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेल्या असणार. त्या पद्धतीत फायलीत रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळून पडला. तो फॉन्ट बसवल्यास शब्द लगेच परत दिसतील आणि यंदाच्या छपाईपुरते भागेल. कायमचा इलाज म्हणजे युनिकोडात रूपांतर. ‘टूल्स’ मेनूतून सर्व शब्द एकदम कॉपी करता येतात. ते रूपांतरकातून काढून, पहिल्या स्वरावर शब्द टंकण्याच्या स्थितीत कंट्रोल-व्ही पुन्हा पुन्हा दाबत गेल्यास एकेक अक्षर एकेका स्वराखाली बसत जाते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासावेत. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात ती नंतर येते, आणि गाण्यात शब्द स्वरांनुसार तोडलेला असल्याने रूपांतरक नेमका तिथेच फसतो. ‘कीर्तन’मधला रफार शेजारच्या स्वराखाली गेला, तर मुले तसेच म्हणतील!

युनिकोडात असलेले शब्दही थोडे वेगळे दिसतील. 2021 साली आलेल्या म्यूझस्कोर 3.6 पासून एडविन हा मूळ फॉन्ट झाला आणि त्यात देवनागरी नाही. पूर्वीच्या फ्रीसेरिफमध्ये होती. स्टाइलमध्ये शब्दांसाठी एखादा नोटो देवनागरी फॉन्ट निवडून द्यावा, आणि ओळी कुठे तुटतात ते छापण्यापूर्वी पाहावे.

—

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

वरील सूचनांशी मी सहमत आहे. ज्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या नाट्यसंगीत कार्यक्रमांचे नोटेशन फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांनीही या निमित्ताने हालचाल करावी. ऑगस्ट 2024 मध्ये ते बनवणाऱ्या मेकम्यूझिक कंपनीने फिनालेचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या संगणकावर ते अजून चालते, तिथूनच प्रत्येक रचनेची एक म्यूझिकएक्सएमएल (निरनिराळ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फाइल प्रकार) आणि एक पीडीएफ प्रत काढावी. म्यूझिकएक्सएमएलमधून स्वर, शब्द आणि खुणा येतात. पानाची मांडणी तंतोतंत येतेच असे नाही, म्हणून ताडून पाहायला पीडीएफ हवी.

—

प्रेषक: सांस्कृतिक समिती (बालवाद्यवृंद)

मनःपूर्वक आभार. सामायिक फोल्डर आज केवळ वाचनासाठी खुला ठेवला असून त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आहे. ज्यांच्या जुन्या संगणकावर ते मराठी फॉन्ट अद्याप आहेत, त्यांनी फॉन्टचे नेमके नाव याच पत्राच्या उत्तरात कळवावे. वेलांट्या तपासण्यासाठी मराठी शाळेच्या दोन शिक्षिकांची मदत मिळाल्यास व्हायोलिनच्या प्रती आधी हाती घेता येतील; बासरीच्या मुलांना तूर्त मागील वर्षीच्या छापील प्रती पुरतील.