अनुभव धागा: घराबाहेरचा बॅकअप कुठे ठेवता, किती मोजता आणि कधी परत उतरवून पाहिलाय का?

नोंदवही
एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर, इथवर बहुतेकजण येतात. तिसरी घराबाहेर कुठे ठेवायची यावर मात्र सल्ले भरपूर आणि अनुभव कमी. म्हणून हा धागा. कंपन्यांच्या जाहिरातींतले तक्ते नकोत. तुम्ही काय निवडलंत, का, खिशातून किती जातात आणि मुख्य म्हणजे डेटा कधी परत उतरवून पाहिलात का, तेवढं लिहा. माझी गरज दोन टीबीच्या आतली: स्कॅन केलेली कागदपत्रं, फोटो, आजोबांच्या कीर्तनांच्या कॅसेटींवरून काढलेल्या फाइली.

कृष्णाकाठ
सांगलीत लग्नांची फोटोग्राफी करतो. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ नंतर हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. स्टुडिओ आणि घर दोन्ही नदीच्या एकाच बाजूला असतील तर 'दोन ठिकाणी प्रत' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत बाहेर, हा ३-२-१ चा नियम रूढ केला तो पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनंच. आमच्या धंद्यातलाच माणूस! मी तो असा पाळतो: चालू सीझनच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या) फाइली दोन डिस्कवर, त्यातली एक विट्याला मेव्हण्याकडे. दोन्हींची अदलाबदल जाता-येता होते. विटा उंचावर, कृष्णेचं पाणी तिथं येत नाही. मासिक भाडं शून्य.

अल्बम देऊन झालेली जुनी लग्नं अमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या डेटासाठीच्या त्यांच्या स्वस्त क्लाउड साठ्यात, टाकतो. अमेरिकेतल्या विभागात (तिथल्या सर्व्हरवर) टीबीला महिन्याला साधारण एक डॉलर. इथं सगळे भुलतात, म्हणून पुढचंही वाचा. फाइल मागितली की लगेच मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीत १२ तासांपर्यंत, स्वस्त पद्धतीत ४८ तासांपर्यंत थांबायचं. १८० दिवसांच्या आत पुसली तरी पूर्ण १८० दिवसांचं भाडं लागतं. आणि डेटा बाहेर काढताना महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर जीबीला ९ सेंटच्या आसपास, म्हणजे एक अख्खा टीबी खाली आणायला ऐंशी-नव्वद डॉलर. स्टुडिओ बुडाला तरच हात लावायचा अशा मालाला हे परवडतं. दर महिन्याला ग्राहक 'दादा, तो एक फोटो द्या ना' म्हणत असतील तर नाही.

अपलोडचंही गणित करा. एका लग्नाचे ३०० जीबी, आणि खरोखर ५० एमबीपीएस अपलोड मिळाला, तर तेरा-चौदा तास. जाहिरातीतला वेग बहुतेकदा डाउनलोडचा असतो.

डोंबिवलीची काकू
माझ्याकडे फक्त नातवंडांचे फोटो आणि घराची कागदपत्रं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं फुकट अमर्याद प्रकरण बंद झालं, तेव्हापासून वर्षाचे पैसे भरते. मुलाचं म्हणणं, हा बॅकअप नव्हेच, कारण फोनवरून फोटो पुसला की तिकडूनही जातो, आणि कचरापेटीत ६० दिवसच राहतो. म्हणून दिवाळीला तो आला की सगळं एका डिस्कवर उतरवून पुण्याला घेऊन जातो. आमचं ऑफ-साइट म्हणजे सूनबाईचं कपाट.

नोंदवही
काकू, तुमची पद्धत इथल्या अर्ध्या आयटीवाल्यांपेक्षा बरी आहे.

ताळेबंद
नाशिकला सीए ऑफिसात काम करते. एक मुद्दा कोणी मांडलेला नाही. अशिलांमध्ये कंपन्या असतील तर फक्त स्वस्त बघून चालत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर, आणि रोज, ठेवावा लागतो. प्रोप्रायटरला हा नियम नाही. आम्ही टॅलीचा डेटा रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं एनक्रिप्ट (कुलूपबंद) करून अमेझॉनच्या मुंबई विभागात पाठवतो. डेटा काही जीबींचाच, त्यामुळे बिल चहापाण्यात निघतं आणि रुपयांत जीएसटीची पावती मिळते.

परदेशी सेवांबाबत सावध राहा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप जाणारे हप्ते अडायला लागले. आमच्या एका अशिलाचा हप्ता तसाच अटकला, ईमेल स्पॅममध्ये पडून राहिले आणि मुदत संपल्यावर खातं बंद झालं. सेवा चांगली होती, पैसेच पोचले नाहीत. वर्षाचे आगाऊ भरता येतात का, ते आधी विचारा.

नेकारतीर
स्टुटगार्टहून. हेट्झनर या जर्मन कंपनीचा एक टीबीचा स्टोरेज बॉक्स (भाड्याची ऑनलाइन जागा), महिन्याला चार युरोच्या आसपास, त्यावर बोर्ग हा बॅकअपचा प्रोग्रॅम. डेटा उतरवायचे वेगळे पैसे नाहीत, म्हणून मी दर तिमाहीला एखादं फोल्डर रिकाम्या डिस्कवर परत आणतो आणि उघडून बघतो. हे फुकट असल्यामुळेच माझ्या हातून होतं, नाहीतर टाळलं असतं.

दोन गोष्टी. त्या बॉक्सला रेड (RAID, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी रचना) आहे, पण दुसऱ्या सर्व्हरवर प्रत नाही. तो तिसरी प्रत म्हणूनच घ्यायचा, एकुलती एक म्हणून नव्हे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचं दोन्ही गेलं. तेव्हा 'क्लाउडवर आहे' म्हणजे नेमकं कोणत्या गावात, हे विचारायला लाजू नका.

दुसरं, पासवर्ड किंवा चावी हरवली तर बोर्ग काय, रेस्टिक काय, कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. बोर्गमध्ये चावी कागदावर छापायची सोय आहे (पासवर्ड तरीही लागतोच). माझा तो कागद साताऱ्यात आईच्या लॉकरमध्ये, एलआयसीच्या पॉलिसींबरोबर.

आंबाघाट
नेकारतीर, आणि तुमचं काही झालं तर आईंना त्या कागदाचं काय करायचं ते माहीत आहे का?

नेकारतीर
कागदाच्या मागे मराठीत लिहिलंय: कोणत्या भाच्याला फोन करायचा आणि त्याला काय सांगायचं. भाच्यानं एकदा माझ्या देखत सगळं उघडून दाखवलंय.

नोंदवही
कृष्णाकाठ, विट्याच्या डिस्कबद्दल एक विचारायचं राहिलं. नुसती पडून राहिली तर खराब होत नाही का?

कृष्णाकाठ
होऊ शकते की. म्हणून अदलाबदल. कोणतीच डिस्क दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहत नाही. आली की आधी चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली नाही ना ते सांगणारा आकडा) तपासतो, मग नवीन डेटा. सोबत हवाबंद डब्यात सिलिका जेल. आणि एसएसडी नको, साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. वीज न लागता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा उडू शकतो. डब्यावर मोठ्या अक्षरात 'लग्नाचे फोटो, फॉरमॅट करू नये' असं लिहा, मेव्हण्याच्या पोराला गेम टाकायला जागा हवीच असते.