ग्रॅज्युएट व्हिसाचा वाढता खर्च: ठाण्यात सह्या गोळा करून उपयोग आहे का?

घोडबंदर_पालकगट
ठाणे-नवी मुंबईतल्या काही पालकांचा ग्रुप आहे. मुलं यूकेत मास्टर्स करतायत, बहुतेकांचे कोर्स सप्टेंबर २०२६ मध्ये संपतात. पुढे ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी करण्याचा) घ्यायचा तर एप्रिल २०२५ च्या दराने ८८० पौंड फी आणि दोन वर्षांचा हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर घेतला जाणारा सरकारी आरोग्यसेवेचा आकार) २,०७०, असे २,९५० पौंड एकरकमी. पौंड ११५ रुपयांचा धरला तरी ३ लाख ३९ हजार. तिकडे मुलांनी स्टुडंट युनियनमध्ये विषय काढलाय. इकडे आमचं असं चाललंय की यूके संसदेच्या साइटवर ई-याचिका टाकायची, सोसायट्यांमधून सह्या जमवायच्या आणि बीकेसीला ब्रिटिश उपउच्चायुक्तालयात निवेदन द्यायचं. याला काही वजन असतं का? आणि मागणी नेमकी काय लिहावी?

पारसिक_टेकडी
सोसायट्यांमधल्या सह्या आधी थांबवा. त्या याचिकेवर फक्त ब्रिटिश नागरिक किंवा यूकेत राहणारेच सही करू शकतात. फॉर्मवर तसं जाहीर करावं लागतं, पोस्टकोडही विचारतात. मुलाचा पोस्टकोड टाकून आजी-आजोबांनी सही केली तर ते सरळ सरळ खोटं डिक्लेरेशन आहे, आणि उघडकीला आलं की बदनामी मुलांच्या मोहिमेची.

तिथे राहणाऱ्या मुलांनी मात्र जरूर टाकावी. सुरू करायला पाच समर्थक लागतात, मग छाननी. त्याच विषयावर याचिका आधीच चालू असेल तर नवी नाकारतात, म्हणून आधी शोधून बघा आणि असेल तर तिलाच बळ द्या. मुदत सहा महिने. १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर, १,००,००० ला चर्चेसाठी विचार. सह्या गळतात त्या बहुतेक एकाच ठिकाणी: नाव-ईमेल भरल्यावर जो मेल येतो त्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय सही मोजत नाहीत, आणि तो मेल स्पॅममध्ये पडून राहतो. कॅम्पसवर टेबल टाकणार असाल तर माणसाला जागेवरच मेल उघडायला लावा.

उपउच्चायुक्तालयात निवेदन द्या हवं तर. पोच मिळेल. दर तिथे ठरत नाहीत.

सीवूड्स_ईस्ट
मागणीबद्दल. "फी कमी करा" एवढंच लिहिलंत तर छापील उत्तर येईल. "आमची मुलं टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स भरतात, मग सरचार्ज कशाला" हा मुद्दा न्याय्य आहे, पण इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय. त्यावर "पहिल्या दिवसापासून एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मिळतं" हे उत्तर तयारच असतं.

त्यापेक्षा हे बघा. सरचार्जचे दर दोन आहेत. विद्यार्थी, १८ वर्षांखालची मुलं आणि यूथ मोबिलिटीवाल्यांना (ठराविक देशांतल्या तरुणांचा तात्पुरता व्हिसा) वर्षाला ७७६ पौंड, बाकी जवळपास सगळ्यांना १,०३५. भारतीयांसाठीची यंग प्रोफेशनल्स स्कीम (तरुण पदवीधरांना दोन वर्षं यूकेत राहून काम करू देणारी) पहिल्या गटात येते. म्हणजे ठाण्यातली पंचविशीतली पदवीधर मुलगी बॅलटमध्ये (सोडतीत) नाव लागून त्या स्कीमवर गेली तर दोन वर्षांचा सरचार्ज १,५५२. तीच मुलगी तिथल्या युनिव्हर्सिटीत लाखो रुपये भरून शिकली आणि ग्रॅज्युएट व्हिसावर थांबली तर २,०७०. वय तेच, मुदत तीच, नोकरीची मुभाही जवळपास तीच. फरक ५१८ पौंडांचा. "ग्रॅज्युएट व्हिसाला ७७६ चा दर लावा" ही एका ओळीची मागणी आहे आणि तिला छापील उत्तर देता येत नाही.

दुसरी मागणी हप्त्यांची: सरचार्ज वर्षावर्षाला घ्या. आत्ता पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो.

वाढ दाखवायची असेल तर टक्केवारीचे तक्ते नकोत, दोनच आकडे द्या. जुलै २०२१ मध्ये हा व्हिसा सुरू झाला तेव्हा फी ७०० आणि सरचार्ज वर्षाला ६२४, एकूण १,९४८. एप्रिल २०२५ च्या दराने २,९५०. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार. एप्रिल २०२५ चेच दर धरले तर ८८० अधिक १,५५२.५०, म्हणजे महिन्याला १२३ च्या जागी १३५ पौंड. मुदत कमी करून महिन्याचा भाव वाढवला, हे मांडायला विसरू नका.

पारसिक_टेकडी
७७६ चा मुद्दा चोख आहे. त्याला जोडून: सरचार्जचा दर बदलायचा तर त्या आदेशाला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, व्हिसा फी मात्र वेगळ्या नियमावलीने बदलते. दोन्हींची एकच खिचडी करून पत्र पाठवू नका.

कोपरी_पूल
मला याचिकेपेक्षा खासदाराचं पत्र जास्त कामाचं वाटतं. तिथला खासदार, आपला नव्हे. मुलाने पोस्टकोड टाकून आपला खासदार शोधायचा आणि पत्रात पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड वरच लिहायचा. पत्ता नसेल तर मतदारसंघातला माणूस आहे की नाही हे कळत नाही आणि पत्र बाजूला पडतं. एक पान पुरे. शेवटी काम स्पष्ट सांगा: "हे पत्र होम ऑफिसच्या (गृहखात्याच्या) मंत्र्यांकडे पाठवा आणि ७७६ चा दर ग्रॅज्युएट व्हिसाला का नाही, असा लेखी प्रश्न विचारा." खासदाराने पाठवलेल्या पत्राला मंत्रालयातून उत्तर येतं. चाळीस जणांनी एकच मजकूर चिकटवला की ऑफिसवाले तो एकच धरतात, त्यामुळे निदान पहिला परिच्छेद ज्याने त्याने स्वतःचा लिहावा: कोर्स, शहर, काम काय करतो.

आणि आपल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही: भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणारा १८ वर्षांवरचा भारतीय विद्यार्थी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, संसदेच्या निवडणुकीलासुद्धा. नोंदणी ऑनलाइन, फुकट. मतदानाला ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. "मी तुमच्या मतदारसंघात नोंदलेला मतदार आहे" हे वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत असलं की पत्राचा भाव बदलतो. युनियनने फ्रेशर्सच्या आठवड्यात नोंदणीचं टेबल लावलं तर ती सगळ्यात स्वस्त मोहीम.

घोडबंदर_पालकगट
म्हणजे पालकांनी फक्त बघत बसायचं?

सीवूड्स_ईस्ट
अजिबात नाही. तिथला माहिती अधिकार कायदा जगात कुठूनही वापरता येतो. आपल्या आरटीआयला दहा रुपये लागतात, तिथे तेही नाहीत, आणि मुदत २० कामाचे दिवस. होम ऑफिसला ईमेलने विचारा: ग्रॅज्युएट व्हिसाच्या मुख्य अर्जदारांकडून २०२१ पासून दरवर्षी किती सरचार्ज जमा झाला? प्रश्न अरुंद ठेवा. माहिती काढायचा खर्च ६०० पौंडांवर जातोय असं दिसलं तर ते नाकारू शकतात. एक अर्ज हाताळायला अंदाजे किती खर्च येतो, हे होम ऑफिस स्वतःच प्रसिद्ध करतं, तो तक्ता डाउनलोड करून युनियनला द्या.

इथे म्हणाल तर ठाणे, ऐरोली आणि बेलापूर एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत, त्यामुळे निवेदन एकत्र द्या. खारघर-पनवेलवाल्यांना मावळच्या खासदारांकडे जावं लागेल. अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न विचारायची विनंती करा: ब्रिटनशी बोलणी करताना ग्रॅज्युएट व्हिसाचा सरचार्ज काढला का? नोटीस पंधरा दिवस आधी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा आल्या की लगेच मसुदा हातात द्या. निवेदनात व्यापार करार आणि सरचार्जची गल्लत मात्र करू नका. जुलै २०२५ मधल्या कराराबरोबर जी सवलत ठरली ती कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या सोशल सिक्युरिटीची आहे. सरचार्जशी तिचा संबंध नाही.

कोपरी_पूल
मोहीम चालू आहे म्हणून कुणी अर्ज लांबवू नका. या व्हिसाला फी माफी नाही. अर्ज यूकेत असतानाच, स्टुडंट व्हिसा संपायच्या आत करायचा, तोही युनिव्हर्सिटीने कोर्स पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवल्यावर. निकाल लागायच्या आत मुलगा दिवाळीला घरी आला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तुमच्या बॅचचा स्टुडंट व्हिसा बहुधा जानेवारीपर्यंत असेल, त्या भरवशावर राहून जानेवारीत अर्ज केलात तर व्हिसाचे सहा महिने जातील. ३१ डिसेंबरच्या आत अर्ज जायला हवा, तेव्हा नोव्हेंबरातच युनिव्हर्सिटीच्या मागे लागा. पदवीदान समारंभाची वाट बघायची गरज नाही.

आणि कुणाला पुढे हॉस्पिटलात किंवा केअरमध्ये नोकरी लागली, सहा महिने आठवड्याला सरासरी १६ तास भरले, तर सरचार्जचे पैसे परत मागता येतात. त्याचा वेगळा ऑनलाइन अर्ज असतो, पगाराच्या स्लिपा जपून ठेवायला सांगा.