फ्लूनंतर फुप्फुसाच्या वायुकोशातले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) मरतात की फुप्फुस धुताना सुटतच नाहीत? मदत हवी आहे

नमस्कार. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांना इन्फ्लुएन्झा ए विषाणू (पीआर८ वाण) देऊन ७व्या दिवशी फुप्फुस धुऊन पेशी काढते आहे. सिग्लेक-एफ आणि सीडी११सी ही पेशी ओळखायची दोन्ही पृष्ठप्रथिनं ठळक असलेले, म्हणजे फुप्फुसातले मूळचे मॅक्रोफेज, निरोगी उंदरांच्या मानाने फारच कमी मिळतात. मला पुढे न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जीवाणू) द्यायचा आहे. हे पहारेकरी मेलेत की जिवंत राहून निकामी झालेत, हे कळल्याशिवाय तो प्रयोग करण्यात अर्थ नाही.

पीबीएस (धुण्याचं क्षारद्रावण) कोमट करून, त्यात ईडीटीए (चिकटलेल्या पेशी सुटायला मदत करणारं रसायन) घालून पाहिलं. निरोगी फुप्फुसातून पहिलं पाणी छान फेसाळ येतं, आजारी फुप्फुसातून लालसर आणि कमी. मृत पेशींचा रंग वापरते. या पेशी स्वतःच चमकतात, म्हणून न रंगवलेला आजारी नमुनाही दर वेळी ठेवते. तरी आकडा तोच.

खरा घोळ सीडी११बी (आणखी एक पृष्ठप्रथिन) असलेल्या, सिग्लेक-एफ फिकट पेशींचा आहे. त्या रक्तातून नव्याने आलेल्या मोनोसाइट्सपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) झाल्यात की जुन्याच पेशींनी रूप बदललंय?

मंजुरीतले ६ उंदीर उरलेत. वंशखूण (पेशी कोणत्या पेशीपासून झाली हे दाखवणारी जनुकीय खूण) असलेले उंदीर आमच्याकडे नाहीत. संसर्गाआधी नाकातून पीकेएच२६ (पेशींना लागणारा चमकता रंग) देऊन जुन्या पेशी खुणावायच्या, आणि धुतल्यानंतर उरलेलं फुप्फुस कोलॅजिनेज या विकराने विरघळवून त्यातही त्या मोजायच्या, असं डोक्यात आहे. कुणी हे केलंय का? रंग संसर्गाच्या किती दिवस आधी द्यावा, आणि मेलेल्या पेशींचा रंग नव्या पेशींनी गिळला तर ते कसं ओळखायचं?