स्कॉटी मूरचा आवाज: स्लॅपबॅक किती ठेवायचा, अंगठा कसा चालवायचा?

कोथरूडचा_तारवाला

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये पन्नासच्या दशकातल्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. तिघंच आहोत: अकूस्टिक वाजवत गाणारा, बास गिटार आणि मी. ड्रम्स नाहीत. एल्विस प्रेस्लीची 'दॅट्स ऑल राइट', 'मिस्ट्री ट्रेन' आणि 'हार्टब्रेक हॉटेल' नक्की आहेत. तिन्हींत गिटार स्कॉटी मूरची.

माझ्याकडे स्ट्रॅट पद्धतीची गिटार, ०.००९ च्या तारा, डिजिटल डिले पेडल (आवाज थोड्या उशिराने परत वाजवणारं) आणि २० वॉटचा अँप. डिले ३०० मिलिसेकंदांवर ठेवला की सगळा चिखल होतो. शिवाय स्कॉटीचं ऐकताना खालचा ठेका आणि वरची धून एकाच वेळी चालू असते, ते पिकने काही जमत नाही. कुठून सुरुवात करू?

टेपवाला

आधी तो ३०० चा नाद सोडा. स्लॅपबॅक म्हणजे मूळ आवाजामागे लगेच येणारा एकच प्रतिध्वनी. मेम्फिसला ७०६ युनियन ॲव्हेन्यूवर सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ होता, एल्विसची सुरुवातीची गाणी तिथलीच, तिथे हा प्रतिध्वनी टेपवरून यायचा. रेकॉर्ड हेडने उमटवलेला आवाज टेप थोडी पुढे सरकली की प्लेबॅक हेड वाचतं, आणि तो परत मूळ आवाजात मिसळला जातो. दोन हेडमध्ये साधारण २ इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला, तर २ भागिले १५ म्हणजे ०.१३३ सेकंद.

म्हणून टाइम १३० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक (आवाज किती वेळा परततो ते) शून्य, मिक्स (मूळ आवाजात इको किती ते) ३० टक्क्यांच्या आसपास. आवाज एकदाच परतला पाहिजे. दुसऱ्यांदा आला की स्लॅपबॅक संपला. टेपवरून परतणारा आवाज मूळापेक्षा बोथट असतो. डिजिटल पेडल मात्र हुबेहूब नक्कल फेकतं, त्यामुळे प्रत्येक स्वरामागे टिकटिक ऐकू येते. पेडलला हाय-कट असेल तर परतणारा आवाज ३ ते ४ किलोहर्ट्झच्या वर कापा. अँपचा रिव्हर्ब बंद.

सनच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगांत हा इको स्टुडिओचा आहे, त्यामुळे तो गळ्यावरही आहे. स्कॉटीच्या स्वतःच्या अँपमध्ये तो १९५५ मध्ये आला. इलिनॉयमधल्या रे बट्सने अँपच्या पेटीतच टेपचा लूप बसवला होता, त्याचं नाव एकोसॉनिक. गिटारवादक चेट ॲटकिन्सकडे तसा अँप आधीच होता. जुलै १९५५ च्या 'मिस्ट्री ट्रेन'मध्ये हाच वाजतो. तुम्ही मिक्सरवाल्याला सांगून गाणाऱ्याच्या माइकलाही तोच टाइम द्या, मिक्स १५ टक्के पुरे. एकट्या गिटारला इको आणि गळा कोरडा, हे फार नकली वाटतं.

'हार्टब्रेक हॉटेल'ला पेडल बंद ठेवा. ते आरसीए या रेकॉर्ड कंपनीने जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला केलं. सनचा इको त्यांना साधला नाही, म्हणून इमारतीतल्या पॅसेजचा घुमारा वापरला. तेवढ्या एका गाण्याला रिव्हर्ब चालू करा.

अंगठेबहाद्दर

टेपवालांचं गणित बरोबर, पण पेडल हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे. जुलै १९५४ च्या 'दॅट्स ऑल राइट'मध्ये एल्विसची अकूस्टिक, बिल ब्लॅकचा उभा बास आणि स्कॉटीची गिटार, एवढंच आहे. ड्रम्स नाहीत. म्हणून स्कॉटीने मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स या गिटारवादकांची अंगठ्याची पद्धत घेतली, म्हणजे अंगठा खालचा ठेका धरतो आणि बोटं वरची धून वाजवतात, तिच्यावर ब्लूजच्या जोडस्वरांचे तुकडे बसवले आणि एका गिटारीत दोघांची जागा भरली. 'बेबी लेट्स प्ले हाऊस' ऐकून लेड झेपेलिनचा जिमी पेज गिटारकडे वळला आणि रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला एल्विस नव्हे, स्कॉटी व्हायचं होतं, ते याचमुळे. स्कॉटीच्या १९९७ च्या 'ऑल द किंग्ज मेन' अल्बमवर कीथ आणि गिटारवादक जेफ बेक दोघेही हजर आहेत. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० मध्ये साथीच्या वादकांचा वेगळा विभाग सुरू केला, त्याच्या पहिल्याच तुकडीत स्कॉटी होता. या मंडळींनी त्याच्याकडून वेग उचलला नाही, जागा उचलल्या. सवाईत चांगला संवादिनीवाला गायकाच्या श्वासाच्या जागी जेवढं बोलतो, तेवढंच हा बोलतो.

आता हात. उजव्या अंगठ्यात थंबपिक, वर तर्जनी आणि मधलं बोट. तळहाताची कड ब्रिजच्या (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीच्या) अगदी काठावर टेकवून जाड तीन तारा हलक्या दाबा. कड पुढे सरकली तर स्वर मरतो, मागे गेली तर बास घुमत राहतो. ई कॉर्डला अंगठा सहावी मोकळी आणि चौथी दुसऱ्या फ्रेटवर अशी आलटून पालटून. ए ला पाचवी मोकळी आणि तीच चौथी. अंगठा झोपेतसुद्धा चालेल असा झाला की मगच वरची बोटं, तीही ठोक्यांच्या मध्ये. मेट्रोनोम ८० वर, मग चार-चारने वर. घाई केली की अंगठा बोटांच्या मागे धावू लागतो आणि ठेका लंगडतो.

सोलोला दुसरी आणि तिसरी तार एकाच फ्रेटवर जोडीने धरा: ए साठी दुसरा, बी साठी चौथा, ई साठी नववा. एक फ्रेट खालून घसरत या. बेंडिंग (तार बोटाने ओढून स्वर चढवणं) जवळजवळ नकोच.

आणि 'मिस्ट्री ट्रेन' ई मध्ये असलं तरी कडवं ए वरून सुरू होतं. ई धरून बसलात तर गाणारा एकीकडे, तुम्ही भलतीकडे.

पेठेतला_कारागीर

०.००९ च्या तारा फार बारीक, तळहात टेकवला की स्वर वर चढतो. ०.०११ चा संच घ्या. गुंडाळलेली तिसरी तार मिळाली तर आवाज जास्त खरा येईल, पण इतर गाण्यांत बेंडिंग असेल तर साधीच राहू द्या.

तारा बदलल्या की तीन गोष्टी बिघडतात. ताण वाढून ब्रिज मागून उचलला जातो: मागच्या झाकणाखाली चौथी स्प्रिंग लावा किंवा तिथल्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे आवळा. नेक पुढे वाकते: ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेराच आवळा, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी साधारण ०.२५ मिलिमीटर फट हवी. तिसरं नटचं (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी): खाचेत जाड तार अडकली की ट्यून करताना टिकटिक होते आणि स्वर उडी मारतो. खाच कानशीने रुंद करा, खोल नको.

कार्यक्रम ऐन पावसाळ्यात आहे. पुण्याच्या दमट हवेत नेक हलते, तेव्हा शेवटचं सेटिंग त्याच आठवड्यात. सिंगल कॉइल पिकअपची ५० हर्ट्झची घरघर हॉलमधल्या डिमरने वाढते, अँप लाइटच्या बोर्डावर जोडू नका. जॅक सॉकेट खरखरत असेल तर आताच बदला, तपकीर गल्लीत मिळेल.

कोथरूडचा_तारवाला

तारा उद्याच बदलतो. थंबपिक फिरतंय, आणि अंगठा चालू केला की बासवाल्याशी टक्कर होते. काय करू?

अंगठेबहाद्दर

प्लॅस्टिकचं असेल तर कडक गरम पाण्यात थोडा वेळ धरा, अंगठ्यावर जरा घट्ट आकार द्या आणि लगेच गार पाण्यात बुडवा. लायटर नको, सेल्युलॉइड पेट घेतं. टोक लांब असेल तर कानशीने कमी करा, नाहीतर तारेत अडकतं.

बासवाल्याला पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावरच ठेवा, तळहाताने दाबून. अँपचा बास ३ च्या वर नको. तुमचा अंगठा ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे.

टेपवाला

हॉलबद्दल राहिलं. १३५ मिलिसेकंदांत आवाज साधारण ४६ मीटर जातो, म्हणजे मागची भिंत २३ मीटरवर असेल तर तुमचाच स्लॅपबॅक भिंतीवरूनही येणार आणि दोन्ही एकमेकांवर आदळणार. साउंडचेकला स्टेजवरून एक टाळी वाजवा. ती स्पष्ट परत आली तर मिक्स २० वर आणा. टाइम हलवू नका, भिंतीशी तो जुळवायला गेलात की गाण्याशी तुटतो. माणसं बसल्यावर भिंतीचा आवाज बराच दबतो, तेव्हा पहिल्या गाण्यानंतर मिक्स परत तपासा.