अकरावीतला ऑटिस्टिक मुलगा, सततची उदासी: गोव्यात कुणाला दाखवावं?

अबोली (डिचोली):
मुलगा १७ वर्षांचा, ऑटिस्टिक. दहावीपर्यंत शाळा ओळखीची होती, ठीक चाललं होतं. अकरावीला नवं हायर सेकंडरी, आणि दिवाळीपासून सगळंच बिनसलं. रात्री झोप नाही, जेवण अर्ध्यावर. कदंबाच्या बसची वेळापत्रकं तो वहीत उतरवायचा, साखळीहून कुठली बस कितीला सुटते ते तोंडपाठ. ती वहीसुद्धा आता उघडत नाही. एका डॉक्टरांना दाखवलं, तर "ऑटिझममध्ये असं असायचंच" म्हणाले. मला पटलेलं नाही.

मांडवीकाठ:
ताई, पटवून घेऊही नका. ऑटिझम जन्मापासूनचा, हा बदल दिवाळीनंतरचा. जीव की प्राण असलेल्या गोष्टीतून मन उडालं आणि सोबत झोप, भूकही गेली, तर नैराश्य तपासायलाच हवं. ऑटिस्टिक मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची (आयपीएचबी) ओपीडी गाठा. 'संगाथ' ही संस्था गोव्यात १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते, तिथंही विचारा. जाताना वही न्या, ती कधीपासून बंद आहे ते सांगा. "उदास असतो" यापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळेल.

रानवाट:
मी स्वतः ऑटिस्टिक, वय २२. "कसं वाटतंय?" विचारलं की मला उत्तरच सुचायचं नाही. पोटात कालवतंय ते भीतीनं की भुकेनं, हेही कळायचं नाही. समुपदेशक बाईंनी १ ते ५ आकडे ठरवून दिले, मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आकडा पाठवायचो. त्याला बोलायचा आग्रह नको, लिहू दे. दिवसभर वर्गात इतरांसारखं वागून जीव थकतो, घरी आल्यावर तासभर कुणी काही विचारू नये. आमच्याकडे चवथीला (गणेशचतुर्थीला) आरतीची घुमट-शामेळ वाद्यं सुरू झाली की मी मागच्या पडवीत जातो. आजी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, म्हणून कुणी ओढून आरतीला नेत नाही.

शेवंती (विशेष शिक्षिका, फोंडा):
एक गोष्ट टाळू नका. "जगणं नको वाटतं का?" हे त्याला सरळ शब्दांत विचारा, आडून विचारलेलं त्याला कळणार नाही. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात न्या, एकटा सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, रात्रंदिवस आणि मोफत चालते.
बाकी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढा. परीक्षेतल्या सवलतींसाठी प्राचार्यांना आत्ताच लेखी अर्ज द्या, मार्चमध्ये धावपळ नको. 'निरामय' या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा धरून.

अबोली:
सगळ्यांचे आभार. सोमवारी बांबोळीला जातोय. त्याला गर्दीत थांबवत नाही, त्याचं काय करू?

मांडवीकाठ:
दोघं मोठी माणसं जा. एकानं केसपेपरच्या रांगेत राहायचं, दुसऱ्यानं त्याच्यासोबत बाहेर थांबायचं, नंबर जवळ आला की फोन. हेडफोन न्या. आणि आत काय काय होणार ते आदल्या दिवशी क्रमानं लिहून त्याच्या हातात द्या.