महालक्ष्म्यांच्या सुट्टीत ऑफिस मेलचा ऑटो-रिप्लाय कसा लावू? मागच्या वर्षीचा घोळ नको

बुटीबोरी_परचेस:
मंडळी, बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात परचेसला आहे. महालक्ष्म्यांना पाच दिवस काटोलला घरी जातो. तिथे मेल बघायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर बघायचाही नसतो.

मागच्या वर्षी वेबमेलच्या सीपॅनेलमध्ये (मेलच्या सेटिंग्जचं पान) ऑटोरिस्पॉन्डर लावून गेलो. जेवणाच्या दिवशी मी सोवळ्यात आंबील ढवळत होतो, फोन खिडकीत. तो थरथरत थरथरत खालीच पडला. झालं असं की एका सप्लायरकडे तक्रारींची टिकीट सिस्टिम आहे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मेलची क्रमांक देऊन आपोआप नोंद होते. तिने मला 'तक्रार नोंदवली' असा मेल पाठवला. माझ्याकडून गेलं 'मी रजेवर आहे'. तिने त्याचंही टिकीट फाडलं, त्याची पोच मला, पोचेला माझं पुन्हा उत्तर. संध्याकाळपर्यंत १४० टिकिटं! त्यांच्या माणसाचा फोन आला, "दादा, नेमकं काय बिघडलंय तुमचं?"

वरून बंद करायचं विसरलो. दसऱ्यापर्यंत सगळ्यांना 'मी रजेवर आहे' जात होतं, समोर बसून चहा पिणाऱ्यालाही.

आता कंपनीने मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंय. आमच्या दुसऱ्या फर्मचं मेल मात्र गूगलवर आहे, तेही मीच बघतो. दोन्हीकडचं सांगा. मजकुरात काय लिहायचं, तेही.

सर्व्हर_सांभाळतो:
तुमचा इंटरव्हल, म्हणजे एकाच पत्त्याला पुन्हा उत्तर जाण्यातलं अंतर, शून्यावर होता, पैज लावतो. सीपॅनेलमध्ये तिथे तास टाकायचे असतात. २४ टाकले तर एका पत्त्याला चोवीस तासांत एकच उत्तर. शून्य म्हणजे येईल त्या प्रत्येक मेलला. आणि 'स्टॉप'ला तारीख न देता 'नेव्हर' ठेवलं असणार.

चूक त्यांच्या सिस्टिमचीही आहे म्हणा. २००४ चं आरएफसी ३८३४ (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) याच कामाचं आहे: यंत्राने पाठवलेल्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक माहितीत, 'ऑटो-सबमिटेड' अशी ओळ असावी, आणि ती दिसली की समोरच्या यंत्राने गप्प बसावं. पाळत नाहीत लोक.

आउटलुकमध्ये फाईल, मग ऑटोमॅटिक रिप्लाइज. नवीन आउटलुक असेल तर सेटिंग्जमध्ये शोधा. तारीख-वेळेच्या चौकटीवर खूण करून 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही भरा, म्हणजे बंद करायची आठवण ठेवावी लागत नाही. उत्तर सर्व्हरवरून जातं, कॉम्प्युटर बंद असला तरी. एका माणसाला एकदाच जातं. फक्त त्याच खिडकीत खाली 'रूल्स' दिसेल, तिथे स्वतःचा रिप्लायचा रूल बनवू नका. तो दर मेलला उत्तर देतो, की पुन्हा टिकिटं सुरू.

तर्री_जादा:
काहून एवढं टेन्शन घेऊन रायला भाऊ. सगळे मेल बाजूच्या पोराले फॉरवर्ड लाव अन् मोकळा हो. मी तं तसंच करतो.

सर्व्हर_सांभाळतो:
अन् एचआरने पगारवाढीचं पत्र धाडलं का तेही त्या पोराले जाते, बापा. शिवाय स्वतःच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड लावायचा विचार असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बाहेर आपोआप फॉरवर्ड मुळातच बंद असतं. परचेसचे मेल एका माणसाच्या नावावर येतात हेच दुखणं आहे. ॲडमिनला सांगून शेअर्ड मेलबॉक्स करून घ्या, ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. दोघं-तिघं एकाच पेटीत बघतात. सप्लायरना तोच पत्ता द्या, मग कोण रजेवर आहे याचं त्यांना काय.

गूगलवाली_सदर:
जीमेलचं मी सांगते. सेटिंग्ज, 'सी ऑल सेटिंग्ज', जनरलमध्ये अगदी तळाशी 'व्हेकेशन रिस्पॉन्डर'. तास निवडता येत नाहीत: पहिल्या तारखेला रात्री १२ ला सुरू, शेवटच्या तारखेला रात्री ११:५९ ला बंद. म्हणजे शुक्रवारी दुपारी निघालात आणि शुक्रवारच टाकला, तर सकाळी जागेवर असतानाच उत्तरं जातील.

त्याच माणसाने चार दिवसांनंतर परत लिहिलं तर त्याला परत जातं. मध्येच मजकूर बदललात तर मोजणी पहिल्यापासून, म्हणून शुद्धलेखन आधीच तपासा.

रजा_मंजूर:
एचआरमध्ये आहे, मजकुराचं बोलते. आउटलुकमध्ये आतल्यांसाठी वेगळा मजकूर आहे, बाहेरच्यांसाठी वेगळा. आतल्यांना लिहा काय लिहायचं ते. बाहेरच्यांना 'सहकुटुंब गावी' वगैरे नको. घराला कुलूप आहे हे भंगारवाल्यांपासून सगळ्या कोटेशनवाल्यांना कशाला कळवायचं? स्वतःचा मोबाइल नंबरही नको, नाहीतर सुट्टी कसली ती. एवढं पुरे:

"नमस्कार. मी सोमवारपर्यंत कार्यालयात नाही. चालू ऑर्डरसाठी परचेसच्या पत्त्यावर लिहावे. इतर मेलना मंगळवारपासून उत्तर देईन."

मंगळवारी परत येणार असाल तर बुधवार लिहा. पहिला दिवस साचलेलं उपसण्यातच जातो. आणि ज्याच्यावर काम टाकताय त्याला आधी विचारा हो! आमच्याकडे दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं होतं आणि दोघंही पोळ्याला गावी.

बुटीबोरी_परचेस:
इंटरव्हल खरंच शून्य होता, जुना स्क्रीनशॉट सापडला.

काल आउटलुकवर लावून बायकोच्या मेलवरून चाचणी घेतली. काहीच आलं नाही. बाहेरच्यांच्या टॅबवर खूणच केली नव्हती, नुसता मजकूर लिहून बसलो होतो. खूण केली, उत्तर आलं. दुसरा मेल टाकला, नाही आलं. शेअर्ड मेलबॉक्सचा अर्ज ॲडमिनकडे गेलाय. स्टोअरच्या पोराला विचारलं, तो तयार आहे; बदल्यात पुरणाच्या पोळ्यांचा डबा मागतोय.

तर्री_जादा:
एक डबा इकडेही धाडजो भाऊ.